हिचा हात, माझा पट्टा

या शहरातल्या निम्म्या लोकांच्या पोटावर माझ्या बायकोचा हात पडलेला आहे. हे मी चारचौघांत बोललो की लोक खो खो हसतात. मी हसत नाही. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

आमची ही मोठ्या दवाखान्यात पोटाच्या तपासणीच्या विभागात काम करते. मागच्या बाजूने दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघतात ना, ती तपासणी. कोलोनोस्कोपी. नाव काढलं की माणसं खुर्चीत सावरून बसतात. बोटाएवढी जाड, लांबलचक काळी नळी, टोकाला कॅमेरा. आता आतडं म्हणजे काही सरळ पाइप नव्हे. ते वळणं घेतं, आणि नळी पुढे जायची सोडून पोटातच वेटोळं करून बसते. वेटोळं झालं की पोट ताणतं आणि माणूस कळवळतो. अशा वेळी डॉक्टर मान न वळवता म्हणतात, "ताई, हात." मग ही पुढे होते, बेंबीच्या खाली डावीकडे तळहात टेकवते आणि दाबते. वेटोळं सुटतं, नळी सरकते, माणूस हुश्श करतो. काम एवढंच. पण तिच्यासारखं ते तिथे दुसऱ्या कुणाला जमत नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तिथे ती लागली ती नळ्या धुवायला. हातात लांब मोजे, पुढ्यात मोरी, दिवसभर ब्रश. एकदा दाबणारा माणूस रजेवर होता, तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी वैतागून "कुणीतरी हात लावा हो" म्हटलं आणि हिने लावला. नळी सुतासारखी सरळ गेली म्हणे. पुढे रीतसर शिकवलं, परीक्षा झाली, गणवेशाचा रंग बदलला. मुलगी तेव्हा शाळेत होती. तिला आईचं काम काय म्हणून विचारलं तर ती सांगायची, "आई लोकांना दाबते." बाईंनी मला भेटायला बोलावलं होतं.

माझं स्वतःचं दुकान आहे. कमरेचे, हर्नियाचे, बाळंतिणींचे पट्टे मी शिवतो. जाड कापड, इलॅस्टिक, वेल्क्रो, आणि कात्रीने घट्टे पडलेली बोटं. म्हणजे लोकांच्या पोटाशी माझाही संबंध आहे. पण मला रस्त्यात कुणी ओळख दाखवत नाही. हिला दाखवतात. बँकेच्या रांगेत एखादा भारदस्त गृहस्थ मागे वळतो, इकडेतिकडे बघून हळूच म्हणतो, "ताई, ओळखलंत का? मागच्या महिन्यात..." आणि ही म्हणते, "ओळखलं की! तुमचं ते दुसरं वळण फार हट्टी." तो गृहस्थ असा लाजतो की जणू त्याच्या गाण्याचं कौतुक झालं. मी शेजारी पिशवी धरून खुंटीसारखा उभा. माझं वळण कसं आहे, हट्टी आहे की शहाणं, हे तिने आयुष्यात कधी विचारलं नाही.

त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांच्या आतड्यातून पूर्वी गाठी काढलेल्या, म्हणून त्यांना ठरावीक काळाने तपासणीला यावं लागे. ते आधी फोन करून "त्या ताई आहेत का?" विचारत, आणि नसतील तर तारीख पुढे ढकलत. एकदा ते कमरेचा पट्टा घ्यायला माझ्याच दुकानात आले. मी कोण ते कळल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही भाग्यवान हो. असा हात घरात असणं म्हणजे..." पुढचं त्यांना सुचलं नाही, डोळे मात्र पाणावले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना एक नंबर लहान पट्टा दिला.

भाग्यवान! संध्याकाळी घरी येते तेव्हा तो हात काय अवस्थेत असतो ते मास्तरांनी येऊन बघावं. दोन्ही मनगटं टेबलावर ठेवून बसते, पंजे उताणे, आणि म्हणते, "आज सगळी लठ्ठच आली होती." डोकं दुखतंय म्हटलं तर बामची बाटली माझ्याकडे सरकवते. ताजा हात शहराला आणि दमलेला हात मला. आम्हां नवराबायकोची वाटणी कुणी केली ते देव जाणे, पण मला त्यात फसवलं गेलं होतं.

तर असा मी दुकानात धुसफुसत बसलेला असताना एक दिवस तिचे डॉक्टर आले. तरुण, सडपातळ, सदानकदा घाईत. हातात एक पट्टा होता.

"काका, हा बघा जरा," ते म्हणाले. "पोटाला बांधून तपासणी करायची. आतल्या नळीने वेटोळं करू नये म्हणून पट्ट्यानेच दाब द्यायचा. पेशंटला त्रास कमी, आम्हाला सोपं. पण हा कूस बदलली की वर सरकतो आणि कडा रुततात. तुम्ही यातलं काम जाणता. नीट करून द्याल?"

मी पट्टा उलटासुलटा केला. शिलाई कारखान्याची, गादी विटेसारखी चौकोनी. "म्हणजे हा बांधला की 'ताई, हात' म्हणायची गरज नाही?"

"बहुतेक नाही. निदान तसं वाटतंय. आधी एकदोघांवर बघू, मग निम्म्या पेशंटना बांधून आणि निम्म्यांना न बांधता पडताळू. समितीची परवानगी झाली आहे. आणि काका, ताई सांगणार नाहीत, पण त्यांचं मनगट गेलंय. हे काम अजून किती वर्षं ओढणार त्या?"

मनगटाचं ऐकून मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याआधी जे वाटलं ते साफ सांगतो. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बँकेतला तो गृहस्थ, मास्तर, झाडून सगळे डोळ्यांपुढे आले, आणि प्रत्येकाच्या पोटाला मी मनातल्या मनात करकचून पट्टा बांधला. डॉक्टरांना म्हटलं, "चहा घ्या. पट्टा झालाच समजा."

हिला घरी सांगितलं. तिला दवाखान्यात आधीच कळलं होतं. "शिवा की," एवढंच म्हणाली आणि ताटं वाजवत मांडायला लागली.

"तुझ्या मनगटासाठीच शिवतोय."

"माझ्या मनगटाने तुमच्याकडे तक्रार केली का?"

मी शिवायला बसलो. पण काम अडलं. नेमका दाब कुठे आणि कसा हवा हे मला कळेना, आणि ते जिला कळत होतं ती समोरच मटार सोलत बसली होती. शेवटी मी कॉटवर डाव्या कुशीवर आडवा झालो आणि म्हटलं, "दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

हात पुसत आली. सदरा वर करून तळहात टेकवला. हात थंड होता. आधी दाबलाच नाही, नुसता ठेवला. मी श्वास सोडला तेव्हा तो अलगद खाली गेला. श्वास घेतला तेव्हा जिथे होता तिथेच थांबला, मागे हटला नाही की पुढे आला नाही. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा थोडा खाली. दाब होता, पण दाबल्यासारखं वाटत नव्हतं. मला गाढ झोप येईलसं वाटलं. आणि त्याच क्षणी विचार आला, हे सुख मास्तरांना दर खेपेला मिळतं! झोप उडाली.

"कळलं?" तिने विचारलं.

"नाही. परत दाखव."

दुसऱ्या दिवशीही मला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आडवा होताच ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, पट्टा शिवताय की लाड पुरवून घेताय?"

"माप आहे हे."

"माप एकदा घेतात."

"तुझा हात रोज वेगळा असतो त्याला मी काय करू?"

हसू दाबत का होईना, पण तिने हात ठेवला. त्या दिवसांत मी दुकानातून लवकर घरी यायचो. वयाला न शोभणारं वागणं म्हणा, मला पर्वा नव्हती. मग मी एक चलाखी केली. तिचा पंजा खाकी कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढून घेतली, आणि पट्ट्याच्या आतली गादी त्याच आकाराची कापली. तळव्याच्या जागी जाड, बोटांकडे उतरती, मनगटाकडे भरीव. श्वासाबरोबर खाली जावी म्हणून मागे सैल इलॅस्टिक, वर सरकू नये म्हणून मांडीतून दोन बंद. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

तिने ती गादी हातात घेतली. आपला पंजा तिच्यावर ठेवून बघितला. तंतोतंत बसला. मला वाटलं, आता शाबासकी.

"म्हणजे माझाच हात कापून लोकांना बांधणार तर," ती म्हणाली आणि गादी टेबलावर टाकून आत गेली.

त्या दिवसापासून पट्ट्याला ती सवत म्हणायला लागली. "झाली का तुमची सवत शिवून?" "सवतीला वेल्क्रो कमी पडलं वाटतं." पट्टा पुरुष आणि सवत बाई हे तिला चालत होतं. मी कॉटवर आडवा झालो तर म्हणायची, "तिलाच बांधून घ्या." दवाखान्यात पट्ट्याचा विषय निघाला की ही पाणी प्यायला जाते, असं डॉक्टरांनी मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. पण थोडं बरं वाटलं. जळण्याचा मक्ता आजवर घरात माझ्या एकट्याकडे होता.

पट्टा तयार झाल्यावर प्रश्न आला, पहिला बांधायचा कुणाला. माझ्या थोरल्या भावाला आतड्यात गाठी निघाल्या होत्या, तेव्हापासून डॉक्टर मलाही तपासणी करून घ्या म्हणत होते आणि मी टाळत होतो. आता ते म्हणाले, "काका, तुम्हीच या. शिवलाय तुम्ही, त्यामुळे तुमचा निकाल पुढच्या पडताळणीत धरता येणार नाही. पण कुठे रुततं, कुठे टोचतं हे तुमच्याइतकं नेमकं कोण सांगणार? तुम्ही चांगलं म्हणालात तर पुढे जाऊ. त्रास झाला म्हणालात तर पट्टा कपाटात."

मी लगेच हो म्हटलं. मी मनात मांडे खात होतो. पट्टा कितीही चांगला असला तरी एखाद्या वळणावर अडेलच, डॉक्टर म्हणतील "ताई, हात", आणि शहराला मिळतो तो ताजा, सकाळचा, कामावरचा हात एकदा तरी माझ्या पोटावर पडेल.

आदल्या दिवशीचं वर्णन करत नाही. ते औषधाचं पाणी ज्याने प्यायलं आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने प्यायलं नाही त्याचं सुख मी का घालवू? एवढंच सांगतो की संडास हीच त्या दिवशीची माझी बैठकीची खोली होती, आणि ही दाराबाहेरून "राहिलं का अजून?" असं एखाद्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारत होती.

तपासणीची खोली लहान आणि थंडगार होती. हिरवा पडदा, चाकांचा पलंग, वर लटकवलेला टीव्हीसारखा पडदा, आणि हुकावर टांगलेली ती काळी नळी. इथे पूर्ण गुंगी देत नाहीत, हलकं औषध देतात, माणूस जागा असतो. हिने मला पट्टा बांधला. बंद आवळताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मी डाव्या कुशीवर वळलो. डॉक्टर पाठीमागे गेले आणि म्हणाले, "ताई, आज हात लावायचा नाही हं. पट्टा काय करतो ते बघायचं आहे." ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिचा आवाज आला नाही.

पडद्यावर गुलाबी बोगदा दिसायला लागला. माझाच तो, पण मला त्यात रस नव्हता. ही कुठे आहे? समोर नव्हती. पायांशी नव्हती. मान वळवायची सोय नव्हती. शेजारच्या खोलीत दुसरी तपासणी चालू होती हे मला माहीत होतं. तिथे पट्टा नव्हता. इथे हात नको म्हटल्यावर ही तिथेच गेली असणार. तिथे कुणीतरी ऐदी, ढेरपोट्या आरामात पहुडला असणार आणि माझ्या बायकोचा सकाळचा हात त्याच्या पोटावर असणार. आणि मी, तिचा नवरा, कापडाचा पंजा बांधून घेऊन पडलो आहे. तोही मीच शिवलेला! मी दाराकडे बघत राहिलो. दार बंद होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नळीमुळे आलं नव्हतं.

नळीचा त्रास मला खरंच झाला नाही. एका वळणावर किंचित ओढ लागली, पट्ट्याची गादी श्वासाबरोबर खाली गेली, आणि संपलं. "झालं की!" डॉक्टर म्हणाले. "आतडं स्वच्छ, गाठबीठ काही नाही. आणि ताईंना एकदाही हाक मारावी लागली नाही." ते हे आनंदाने म्हणाले.

मला बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर आणलं. थोड्या वेळाने डॉक्टर स्टूल ओढून बसले. "आता खरं सांगा, काका. माझ्याकडे बघून भीड धरू नका. कसं वाटलं?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला ही दिसली. खोलीच्या कोपऱ्यात बेसिनपाशी उभी राहून ती पट्टा पुसत होती. गादी पुसून झाली होती, तरी पुसत होती. अंगठा तळव्याच्या जागेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. मग मी तिचा चेहरा बघितला. ओठ आत ओढलेले, नाकपुड्या ताठ, नजर त्या कापडावर. तो चेहरा मी चांगला ओळखतो. रोज दाढी करताना आरशात तोच असतो. आपली वस्तू दुसऱ्याने नेली आणि आपण काही बोलू शकत नाही, असा चेहरा.

चांगलं म्हणालो तर तिचा हात सुटणार होता. लोक ओळख दाखवणं थांबणार, फोन येणं थांबणार, मास्तरांची तारीख मास्तरांना लखलाभ. मला हवं होतं ते अगदी जिभेवर आलं होतं. आणि तिचा तो चेहरा माझ्याच्याने बघवेना. जळावं तर मी जळावं, मला सवय आहे. तिने का?

"जीव गेला," मी म्हणालो. "फार टोचलं. वळणावर तर ब्रह्मांड आठवलं. नको डॉक्टर, हा पट्टा काही खरा नाही. हातच बरा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "असं? मला तर वाटलं होतं..."

"खोटं बोलतायत ते," कोपऱ्यातून आवाज आला.

पट्टा हातात घेऊन ती तरातरा आली. "डॉक्टर, ह्यांचं काही ऐकू नका. त्यांना काहीही टोचलेलं नाही."

"तुला काय माहीत?" माझा आवाज चढला. "तू होतीस कुठे? शेजारच्या खोलीत..."

"शेजारच्या खोलीत? मी तुमच्या उशाशी उभी होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हात लावायचा नाही म्हटल्यावर करणार काय, तुमचं तोंड बघत होते. एकदा, फक्त एकदा भुवई वर गेली. बाकी सगळा वेळ बावळटासारखे दाराकडे बघत होतात." ती थांबली. मग आवाज खाली आला. "हात पोटावर असला ना, की डोळे पडद्यावर ठेवावे लागतात. इतकी वर्षं मी माणसाचं तोंड बघितलंच नाही. माणसं किती घाबरलेली असतात हो. तुम्ही तर रडत होतात. मला वाटलं, आत्ता गालावरून हात फिरवावा. पण सांगितलं होतं ना, लावायचा नाही म्हणून."

ती माझ्या उशाशी होती! सगळा वेळ! शहरातल्या कुणाकडे तिने बघितलं नव्हतं तसं माझ्याकडे बघत होती, आणि मी मूर्ख दाराकडे तोंड करून कुढत होतो. लग्नानंतर इतका आनंद मला झाल्याचं आठवत नाही. मी विरघळलो. तिचा हात धरला, डॉक्टर बसले होते तरी धरला, आणि म्हणालो, "खरं आहे तिचं. काही त्रास झाला नाही. पट्टा उत्तम आहे."

"मग खोटं कशाला बोललात?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी लोकांना कळवळायला लावणार होतात?" पण हात काढून घेतला नाही.

डॉक्टर मात्र तिच्याकडेच बघत होते. "ताई," ते सावकाश म्हणाले, "हे आम्हाला कसं सुचलं नाही? पट्टा दाब देतोय तर तुमचे हात आणि डोळे मोकळे आहेत. तुम्ही प्रत्येक पेशंटच्या उशाशी उभं राहायचं. चेहऱ्यावर लक्ष ठेवायचं, घाबरला तर बोलायचं, गालाला, कपाळाला हात लावायचा. जमेल?"

"न जमायला काय झालं?" ही म्हणाली, आणि तिच्या तोंडावरचा तो आरशातला चेहरा एकदम नाहीसा झाला.

"प्रत्येक?" मी विचारलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पट्ट्यांचा पहिला गठ्ठा शिवून झाल्यावर मी तो द्यायला दवाखान्यात गेलो. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, अजून सुरुवात व्हायची होती. कुशीवर एक माणूस पडला होता, पोटाला माझा पट्टा. उशाशी ही वाकून त्याच्याशी काहीतरी बोलत होती. तिचा हात त्याच्या कपाळावर होता. तो कोण होता मला माहीत नाही. दाराकडे तो बिलकुल बघत नव्हता.